आज लोका काय इसरली?

पहाटे 4.30

भाकरी आणि सुकटीची चटणी. डब्यात पातळ काही न्यायचं नाही, हे मी नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी शिकले. आमटीचा डबा एक्सरेच्या पट्ट्यावरून गेला की उघडून दाखवायला लागतो, आणि मागे उभी असलेली रांग आपल्याकडे बघत असते. सुकटीचं बरं असतं. तिचा वास यंत्राला येत नाही, फक्त माणसांना येतो.

बाबा माझ्याआधी उठलेले. त्यांची सवय मोडत नाही. सव्वीस वर्षं त्यांनी पनवेल एसटी स्टँडच्या बाहेर ठेला लावला. पाणी, लिमलेटच्या गोळ्या, रुमाल, बॅगेची कुलुपं, टॉर्चचे सेल, नायलॉनची दोरी, पावसाळ्यात प्लॅस्टिकची इरली. मुंबईहून कोकणात जाणारी गाडी पनवेलला थांबली की उतरलेल्या माणसाकडे दहा मिनिटं असतात आणि घरी काय राहिलं ते त्याला त्याच दहा मिनिटांत आठवतं. बाबांचं सगळं गणित एवढंच. आता ठेला भाऊ बघतो, पण रात्री तो घरी आला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज लोका काय इसरली?" गल्ल्यात किती आले, हे त्यानंतर.

मी विमानतळावर लागल्यापासून हा प्रश्न मलाही असतो.

"लवकर ये," दारातून बाबा म्हणाले. "रातीला पोपटी हाय."

लवकर कुठलं. आज डबल आहे. दुपारच्या पाळीची मुलगी सुट्टीवर. डबलचे पैसे वेगळे मिळतात, पाय वेगळे मिळत नाहीत.

5.15

गाडीत अंधार, सगळे झोपलेले. ज्या ठिकाणी मी आता कामाला जाते, तिथली वाट आजी 'डोंगराच्या डाव्या हातानं' अशी सांगायची. तो उलव्याचा डोंगर आता नाही. सुमारे 90 मीटरची टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली आणि 1160 हेक्टरांवर विमानतळ झाला. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड मिळाला, त्यावर आमचं घर आहे. आमच्या भाताच्या खाचरावर आता नेमकं काय आलंय, यावरून मात्र घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात धावपट्टी, काका म्हणतात पार्किंग. धावपट्टी म्हटलं की बाबांची मान जरा ताठ होते, म्हणून मी काकांची बाजू घेत नाही.

उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरला पहिली विमानं उडाली. आज जानेवारी 2026 मधला शनिवार, संक्रांत होऊन तीन दिवस झालेत. या पहिल्या महिन्यात विमानं सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच, सगळी देशातल्या देशात. शेजारी बसलेली कामोठ्याची मैत्रीण बोट चोळत होती. परवा महानगरपालिकेचं मतदान झालं, त्याची काळी रेघ नखावर अजून पुसट राहिलीय.

6.10

पास, अंगठा, झडती, मग शटर.

उघडल्यावर पहिलं काम कटरचं. माल खोक्यातून येतो, खोक्यावर चिकटपट्टी असते, ती कापायला पातं लागतं आणि आमचं दुकान सुरक्षा तपासणीच्या पलीकडे आहे. म्हणून आमचा कटर साखळीनं काउंटरच्या खालच्या कडीला बांधलेला आहे. वहीत त्याचा नंबर, वेळ, सही. खोकी कटरपाशी आणायची, कटर खोक्यापाशी न्यायचा नाही. साखळी दीड हात लांब. पहिल्या आठवड्यात मला गोठ्यातली गाय आठवायची. आता मीच खोकं बरोबर त्या दीड हातात सरकवते आणि एका रेघेत उघडते.

मग गल्ल्यातले सुट्टे मोजायचे. सुट्टे फारसे कोणी मागत नाही, सगळे फोननं देतात, पण मोजायचे. त्यानंतर तारखा. ज्याची तारीख आधी संपणार ते पुढे, नवं मागे. शेवटी 'फेसिंग': प्रत्येक वस्तू कप्प्याच्या कडेपर्यंत ओढून तिचं तोंड समोर करायचं. रिकामा कप्पा दिसला की माणूस थांबत नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं. बाबा हेच करायचे, फक्त त्याला नाव नव्हतं. पाच रुमाल उरले तर ते पंचवीस असल्यासारखे पसरायचे.

6.50 ते 9

पहिली विमानं पकडणारी माणसं पहाटे तीन-साडेतीनला उठलेली असतात. त्यांचा विसर उशापाशीचा असतो. फोनचा चार्जर भिंतीत राहिलेला, चष्मा खिडकीत, टूथब्रश मोरीत. सकाळच्या दोन तासांत मी चार्जर, केबल, ब्रश, दाढीचा फोम, मोजे यांच्याशिवाय दुसरं फारसं काही विकत नाही. मोज्यांचं मला सुरुवातीला आश्चर्य वाटायचं. मग कळलं, अंधारात बायको-पोरं उठू नयेत म्हणून दिवा न लावता कपडे घालणारे पुरुष पुष्कळ आहेत. एका पायात निळा, एका पायात काळा. तपासणीला बूट काढायला लावले की ते उघड होतं आणि ते थेट माझ्याकडे येतात.

आज साडेसातला एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा.

"मोठी पॉवर बँक द्या. सगळ्यात मोठी."

"20000 आहे, सर."

"तीस नाही? बाहेर तर तीसच्या मिळतात."

"मिळतात, पण विमानात नेता येत नाहीत."

त्यांना वाटलं मी जे आहे तेच खपवतेय. मग मी पावतीच्या पाठीवर हिशेब करून दाखवला. हा हिशेब मला आता तोंडपाठ आहे. 20000 ला 3.7 नं गुणायचं, हजारानं भागायचं. आले 74 वॉट-अवर. विनापरवानगी 100 पर्यंत चालतं. तीस हजाराचे होतात 111, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते. आणि कितीही लहान असो, पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, विमानाच्या पोटातल्या सामानात नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर निदान माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी, एवढाच त्यामागचा विचार.

"आणि विमानात बसल्यावर हिच्यावर फोन लावायचा नाही, सर. डीजीसीएनं नुकतंच बजावलंय."

"मग मी घेतोय कशाला?"

याचं उत्तर मी दिलं नाही. ते त्यांनीच शोधलं: पलीकडे उतरल्यावर टॅक्सीसाठी. घेतली. दोन मिनिटांनी परत आले, केबल विसरली होती.

9.30

दुकानात येणारा दर दहावा माणूस गोळी मागतो. डोकेदुखीची, उलटीची, पित्ताची. आमच्याकडे नाही. आमच्याकडे औषधविक्रीचा परवाना नाही आणि परवान्याशिवाय क्रोसिनची एक पट्टीसुद्धा विकता येत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. "दोन हजाराची उशी ठेवता आणि दोन रुपयांची गोळी नाही?" मी वैद्यकीय कक्षाचा रस्ता दाखवते.

ठेवता येतं ते आयुर्वेदिक. त्याच्या विक्रीला वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे बाम आहे, आवळा सुपारी आहे, आलेपाक आहे. पनवेलच्या माणसाला यात नवल नाही. आमच्याच गावात 1872 मध्ये धूतपापेश्वर कारखाना निघाला, गावात वैद्यांची आणि काढ्यांची ओळख जुनी. उलटीच्या भीतीनं गोळी मागणाऱ्याला मी आलेपाकाची वडी पुढे करते. दहातले सहा घेतात. उरलेले चार माझ्याकडे आजीकडे बघावं तसं बघतात. मी चोवीस वर्षांची आहे.

11.00

दिल्लीत धुकं.

जानेवारीत हे दोन शब्द म्हणजे आमच्याकडे सणाचा बाजार. तिकडे धावपट्टी दिसत नाही, तिकडचं विमान इकडे येत नाही, आणि ते आल्याशिवाय इथल्या माणसांना घेऊन जाणार कोण? फलकावर एक वेळ बदलली की पाच मिनिटांत दुकान भरतं. पण झुंड एकदम येत नाही. आधी एकेकटे येतात, पाणी घेतात, कप्प्यांवर नजर फिरवून जातात. दुसऱ्यांदा वेळ बदलली की तीच माणसं परत येतात, या वेळी बिस्किटं. तिसऱ्यांदा बदलली की पत्ते, कोडी, लहान मुलांची रंगवायची पुस्तकं. माणूस किती वेळ अडकलाय ते मी त्याच्या हातातल्या वस्तूवरून सांगू शकते. पाणी म्हणजे अर्धा तास. पत्ते म्हणजे दुपार गेली.

सव्वा अकराला एक बाई मानेची उशी हातात घेऊन उभ्या होत्या. दाबून बघत होत्या, किंमत बघत होत्या, परत ठेवत होत्या. असं तीन वेळा झालं.

"ताई, खरं सांग. उपयोग होतो?"

खरं सांगायचं तर मी विमानात कधी बसलेली नाही. रोज तीस-चाळीस विमानं खिडकीतून बघते, त्यांच्यात बसणाऱ्यांना उश्या विकते, पण कानाला दडे बसतात म्हणजे काय होतं, हे मला अजून ऐकूनच माहीत. त्यांना मी तेवढंच म्हटलं, की परत करायला फार कोणी आलं नाही. त्या हसल्या. "परत करायला येणार कुठून? ते तर निघून गेलेले असतात." आणि तरीही घेतली.

12.40

आज रात्री बाबांना सांगायची गोष्ट ही.

पेणकडचे आजी-आजोबा. आजींचं नऊवारी, आजोबांच्या हातात कापडी पिशवी. ती अर्धी रिकामी, मध्येच खचलेली. आजी काउंटरशी आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, नारल हाय का?"

"नारळ?"

"ओटीचा. लेकीचा सातवा हाय."

लेक बंगळूरला. उद्या डोहाळजेवण. घरच्या माडाचा नारळ, सोलून, शेंडी ठेवून, हळदीकुंकू लावून आणलेला. तपासणीत काढून ठेवला. हातातल्या सामानात नारळ नेता येत नाही. खोबऱ्याच्या वाट्याही त्यांनी आणल्या होत्या, त्यासुद्धा गेल्या. सुकं खोबरं तर खालच्या सामानातही चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते ज्वालाग्राही मालात मोडतं. आपण ज्याला वाटण म्हणतो, त्याला ते माल म्हणतात.

मी हे सगळं जमेल तसं समजावलं. आजोबांना पटलं. आजींना पटलं नाही, आणि त्याला कारण होतं. त्यांनी कोचीच्या गेटकडे बोट केलं. तिथे काळ्या वस्त्रांतले तिघे उभे होते, डोक्यावर गाठोडी.

"त्यांच्याकडं नारल हाय. माझ्या डोल्यांनी बघितला. त्यांचा गेला. माझा नाय."

त्यांचं बरोबर होतं. शबरीमलाला निघालेल्यांची ती इरुमुडी. त्यात तूप भरलेला नारळ असतो आणि त्याला हंगामापुरती सूट आहे. तपासणी कडक होते, पण नारळ आत जातो. 2022 मध्ये ही सूट पहिल्यांदा दिली, तेव्हापासून हंगाम आला की तिची चर्चा होते. ओटीच्या नारळाला हंगाम नाही. डोहाळजेवण बारा महिने असतात.

"म्हंजे त्याचा देव मोटा आन् माज्या लेकीची वटी लहान?"

यावर मी काय बोलणार. माझ्यामागे केबल घेऊन दोघे खोळंबले होते. मी म्हटलं, "आजी, बंगळूरला नारळ मिळतो की, रस्त्यारस्त्यावर." म्हणता म्हणताच कळलं की चुकीचं बोलले. नारळ मिळतो हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या माडाचा मिळत नाही. तो माड लेकीच्या जन्मावेळी लावला असेल, किंवा नसेल. मी विचारलं नाही. पण शेंडीची बोटभर लांबी राखून, नारळ फुटू न देता सोललेला होता म्हणाल्या, एवढ्यावरून माझी खात्री पटली की सोलणारा हात आजोबांचा होता. त्यांच्या अंगठ्याच्या पेराला ताजी चीर होती. कोयत्याची नाही, सोलण्याची.

आजींनी पूर्ण दुकान फिरून बघितलं. ओटीत घालता येईल असं काय आहे? ब्लाउजपीस नाही, तांदूळ नाही, सुपारी आहे पण आवळ्याची. खारीक मिळाली, परदेशी डब्यात, सोनेरी झाकणाची. किंमत बघून त्यांनी डबा असा ठेवला जसा कोणी दुसऱ्याचं मूल खाली ठेवतं. शेवटी दहा-बारा लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. त्या मीच सुचवल्या. "विमान खाली उतरायला लागलं की चघळा. कानाला दडे बसत नाहीत."

"तू बसलीस काय कदी?"

"नाही आजी."

"मंग तुला कोन सांगितलं?"

कानाच्या पडद्यामागून घशाकडे एक नळी असते, गिळलं की ती उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं. बाबा मात्र हे वीस वर्षं आधीपासून जाणत होते, त्यांना नळी माहीत नव्हती. कशेडी नाहीतर बोरघाटानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिडकीखाली उभं राहून ते लिमलेट विकायचे.

2.30

सुस्त वेळ. उभ्यानं भाकरी खाल्ली. चटणी कोणाला दिली नाही, वास सगळ्यांना दिला.

या वेळेला येणारे लोक विकत घेत नाहीत, वाद घालतात. विषय एकच: भाव. पनवेल स्टेशनात रेल नीरची बाटली 14 रुपयांना आहे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला तेव्हा पंधराची चौदा झाली. डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर सरकारनं दहा रुपयांत चहा देणारा उडान यात्री कॅफे काढला, तेही लोकांनी वाचलेलं असतं. ते मला ऐकवतात. जणू भाव मी ठरवते.

छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही, आणि 2018 पासून एकाच मालावर बाजारात एक किंमत आणि विमानतळावर दुसरी असं छापायलाही बंदी आहे. म्हणजे बिस्किटाचा पुडा बाहेर जेवढ्याला, इथे तेवढ्यालाच. मग माणसाचा खिसा रिकामा कसा होतो? सोपं आहे. पाच आणि दहा रुपयांचे पुडे आम्ही ठेवतच नाही. साधा कंगवा नाही, लाकडी ब्रश आहे. वीस रुपयांचा रुमाल नाही, तीनचा डबा आहे. भाव वाढवलेला नसतो, स्वस्त वस्तू काढून घेतलेली असते. कारण जागेचं भाडं. विमानतळावर दुकानदार ठरावीक किमान रक्कम किंवा विक्रीतला वाटा, यांतलं जे जास्त ते देतो. पाच रुपयांच्या पुड्याला कप्प्यातली ती वीतभर जागा परवडत नाही.

बाबांच्या ठेल्यालाही जागेचं भाडं होतंच, पावती नव्हती.

आमच्या ट्रेनरनं एकदा सांगितलं होतं की प्रवाशाला गाठून विकण्याचा धंदा आगगाडीनं सुरू केला. लंडनच्या यूस्टन स्टेशनात 1848 मध्ये स्मिथचा पुस्तकांचा ठेला लागला, आपल्याकडे 1877 मध्ये अलाहाबादला व्हीलरचा. विमानतळावरचं पहिलं करमुक्त दुकान 1947 चं, आयर्लंडमधल्या शॅनन इथलं; अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधन भरायला थांबायची आणि लोकांना तेवढा वेळ काही काम नसायचं. मी ऐकत होते आणि डोळ्यांसमोर पनवेल स्टँड येत होता. गाडी थांबते, ड्रायव्हर चहाला उतरतो, लोकांना काम नसतं.

पुस्तकांचा कप्पा आमच्याकडेही आहे. इंग्रजीचे चार खण, यशस्वी कसं व्हावं वगैरे. मराठीचा एक, तो खाली, गुडघ्याशी. मी रोज सकाळी दोन मराठी पुस्तकं वरच्या खणात ठेवते. रोज दुपारी कोणी तरी ती परत खाली ठेवलेली असतात. कोण ते मी शोधलेलं नाही. त्यालाही नोकरी आहे.

4.15

मुलांची वेळ. घरातून दुपारी निघालेली कुटुंबं. आईनं सगळं आठवणीनं घेतलेलं असतं, म्हणून तिचं स्वतःचं राहतं. डायपर, दूध, टोपी, खाऊ सगळं बॅगेत, आणि ती विचारते, "केसांना लावायचा चाप आहे का?"

एक कॉलेजची मुलगी कप्प्यांमधून दोनदा फिरली. तिसऱ्या वेळी काउंटरच्या अगदी जवळ आली आणि नुसती बघत राहिली. मी विचारलं, "पॅड?" तिनं मान हलवली. मी दिलं आणि साध्या पिशवीत घातलं. काळ्या नाही, कागदात गुंडाळून नाही. बाबांच्या ठेल्यावर पॅड नसायचे. मेडिकलवाला ते वर्तमानपत्रात बांधून द्यायचा आणि बांधलेलं बघितल्यावर सगळ्या स्टँडला कळायचं की आत काय आहे.

तेवढ्यात एक गृहस्थ धावत आले. गेट बंद व्हायला आठ मिनिटं. विमान सुटायच्या पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं, हे बहुतेकांना शेवटच्या आठ मिनिटांतच कळतं.

"पेन!"

दिलं.

"कागद?"

पावतीचा रोल फाडून दिला. त्यांनी काउंटरवरच ओणवं होऊन काही तरी लिहिलं, घडी केली, खिशात टाकली आणि धावले. पेन काउंटरवर राहिलं. पैसे दिलेलं पेन. ते मी गल्ल्यात वेगळं ठेवलंय.

6.30

संध्याकाळी वस्तू विसरत नाहीत, माणसं विसरतात.

दिवसभर मुंबईत कामं करून परत निघालेले लोक येतात, आणि कप्प्यांपुढे उभे राहून घरी फोन लावतात. "अगं, काही आणू का?" पलीकडून काय ऐकू येतं ते मला कळत नाही, पण चेहरा बघून चिक्की द्यायची की चॉकलेट हे ठरवता येतं. चेहरा पडला तर चॉकलेट, मोठं. आज तिळगुळाचे डबे संपले. संक्रांतीच्या तीन दिवसांनंतरही संपले, म्हणजे तीन दिवस घरी नसलेली माणसं किती असतील बघा. रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणा.

एका मध्यमवयीन बाईंनी मात्र हातात काही न घेता विचारलं, "पनवेलचं म्हणून काय आहे तुमच्याकडे?"

मी थबकले. लोणावळ्याची चिक्की, महाबळेश्वरचं सरबत, राजस्थानचे हत्ती. पनवेलचं काही नाही. पेणचे पोह्याचे पापड नाहीत, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी नाही, वालाची डाळ नाही. "मी आहे," म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. चिक्की दिली.

8.20

शेवटचं विमान गेलं. दिवसाच्या विक्रीचा झेड रिपोर्ट काढला, रोकड जुळली, सात रुपये जास्त. जास्त आले तरी लिहावं लागतं. कटरची साखळी, नंबर, वेळ, सही. शटर.

परत जाताना स्टाफच्या वाटेवर, काचेपलीकडे तो ट्रे दिसला. रोजचाच असतो. लायटर, काडेपेट्या, नेलकटरची पाती, अर्धी कात्री. आज त्या सगळ्यांच्या मध्ये नारळ होता, शेंडी वर, कुंकू जागेवर. मी क्षणभर थांबले. ड्यूटीवरच्या ताई म्हणाल्या, "चला, गाडी सुटेल."

9.40

घरामागे जाळ विझत आला होता. उपडं मडकं, भोवती पेंढ्याची राख. आत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, खडेमीठ. पाण्याचा थेंब नाही. काकांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून लगेच उडालं. झाली.

बाबा पाटावर बसलेले. "मंग? आज लोका काय इसरली?"

मी चप्पल काढली, भिंतीला टेकले, पाय लांब केले. चार्जर, मोजे, केबल सांगितलं. पेनवाल्याचं सांगितलं. मग नारळाचं सांगितलं, सगळं, शेंडीसकट.

"ती इसरली नाय," बाबा म्हणाले. "तिचा घेतला. ते मोजू नको."

"बरं."

काकांनी मडकं उचललं, काठीनं गळ्यापाशी पाला सैल केला. वाफ वर आली. बाबा वाफेकडे बघत होते.

"मंग त्या नारलाचं करतान काय?"

"माहीत नाही."

"इचार उद्या," ते म्हणाले, आणि पहिली शेंग माझ्या हातावर ठेवली. भाजली, म्हणून मी ती एका हातातून दुसऱ्या हातात खेळवत राहिले.